ग्रॅनी हार्टच्या दारातला सौदा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या गटाला पन्नास मिनिटांचा भयकथेचा एक भाग करायचाय. गावातल्या एका मुलीचा ज्याच्यावर जीव आहे त्याचं लग्न दुसरीशी ठरतं. ती वशीकरणासाठी एका म्हातारीकडे जाते आणि त्यानंतर रोज रात्री तिचा बिबट्या होतो. हाताशी पैसा थोडा. बिबट्या कसा दाखवायचा, म्हातारी खरोखरची चेटकीण ठेवायची की नाही, सूत्रधार हवा की नको, आणि जुन्या परदेशी मालिकांतला कुठला भाग पाहावा, हे तुम्ही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, बाकीची उत्तरं त्यातूनच निघतील. 'द ट्वायलाइट झोन' या अमेरिकन मालिकेतला 'जेस-बेल' हा भाग पाहा. १४ फेब्रुवारी १९६३ ला सीबीएस वाहिनीवर तो पहिल्यांदा दाखवला गेला. तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही, म्हणजे तुम्ही तो पाहिलेला नसावा. पण तुमची गोष्ट आणि ती गोष्ट सख्ख्या बहिणी आहेत. यात खट्टू होण्यासारखं काही नाही. प्रेमासाठी म्हातारीच्या झोपडीत जाणारी मुलगी ही गोष्ट कुणा एकाच्या मालकीची कधीच नव्हती. बावीस वर्षं मी मालिकांच्या पटकथा लिहितोय आणि गेली नऊ-दहा वर्षं कार्यशाळांत इतरांच्या तपासतोय. चेटूक, करणी, भानामती यांवरची पटकथा कुणी घेऊन आलं की मी याच भागापाशी येतो, कारण यात एक गोष्ट अशी जमलीय की ती एकदा कळली की निम्मं काम झालं.

आधी कथा सांगतो. स्थळ व्हर्जिनियातल्या ब्लू रिज डोंगरांतलं. बिली-बेन टर्नर आणि एल्विन ग्लोव्हर यांचं लग्न ठरलंय. जेस-बेल ही गरीब घरातली, आईबरोबर राहणारी मुलगी. बिली-बेनचं आणि तिचं आधी काहीतरी होतं. ते त्याच्या लेखी संपलंय, तिच्या लेखी नाही. ती ग्रॅनी हार्ट या जाणत्या म्हातारीकडे जाते आणि तिच्याकडून एक काढा घेऊन पिते. मग बिली-बेनला जेस-बेलशिवाय दुसरं कुणी दिसेनासं होतं, एल्विन बाजूला पडते. इथवर सगळं मनासारखं. मग मध्यरात्र होते आणि कळतं की या काढ्याची किंमत जेस-बेलचा आत्मा आहे. आता ती स्वतःच चेटकीण झालीय. रोज मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत तिचा बिबट्या होणार, आणि हे कायमचं. पुढे गावातले पुरुष बंदुका घेऊन त्या जनावरामागे लागतात. बिबट्याला गोळी लागते आणि तो धुरात विरून जातो. वर्षभराने बिली-बेन एल्विनशी लग्न करतो, आणि जेस-बेल मेलेली नाही हे त्या नव्या घरात उमगायला लागतं. तो ग्रॅनी हार्टकडे जातो. ती उपाय सांगते: जेस-बेलच्याच कपड्यांची आकृती कर आणि तिच्या काळजात चांदी खुपस. तो तिचा झगा घेतो, आकृती उभी करतो आणि चांदीची केसातली पिन तिच्या छातीत खुपसतो. क्षणभर त्या झग्यात जेस-बेल दिसते आणि नाहीशी होते.

आता बघा, भीती नक्की कुठे आहे. कार्यशाळेत हा प्रश्न विचारला की जवळजवळ सगळे म्हणतात, 'मुलीचा बिबट्या होतो तिथे.' मला तसं वाटत नाही. भीती म्हाताऱ्या बाईच्या झोपडीत आहे, आणि तीही मंत्राच्या क्षणी नव्हे, किंमत न सांगितल्याच्या क्षणी. जेस-बेल काहीही द्यायला तयार आहे. ग्रॅनी हार्ट आकडा सांगत नाही. आपण घरचा किराणा आणायला गेलो तरी भाव विचारल्याशिवाय पिशवी पुढे करत नाही, आणि ही मुलगी भाव न विचारता सौदा करते. बघणाऱ्याच्या पोटात तिथेच खड्डा पडतो. पुढचा बिबट्या ही फक्त वसुली आहे.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की तुमच्या म्हातारीची किंमत आधी ठरवा, मग बिबट्याकडे या. तुमच्या सारांशात मुलगी 'त्यानंतर' बिबट्या होते असं लिहिलंय. का होते? शिक्षा म्हणून? अपघाताने? मंत्र चुकला म्हणून? यातलं कुठलंही कारण असलं तरी बघणारा बाहेरच राहील. तिने स्वतःच्या तोंडाने काहीतरी कबूल केलं आणि त्या शब्दांत ती अडकली, असं झालं तर प्रत्येक रात्र त्या कबुलीची आठवण होते. किंमत अशी निवडा की ती मिळालेल्या सुखाच्या नेमकी आड यावी. जेस-बेलला प्रियकर मिळतो, पण मध्यरात्रीनंतर ती त्याच्याजवळ राहू शकत नाही. लग्न करायचं तर रात्र आली, आणि रात्रच तर तिची राहिलेली नाही. हे लेखकाने फार विचार करून बांधलंय. ती आंधळी झाली असती, कुरूप झाली असती, तर दुःख झालं असतं. गाठ बसली नसती.

लेखकाचं नाव अर्ल हॅमनर. जन्म १९२३, व्हर्जिनियातल्या स्कायलर गावचा, म्हणजे त्याच ब्लू रिजच्या परिसरातला. पुढे १९७२ पासून चाललेली 'द वॉल्टन्स' ही डोंगरातल्या कुटुंबाची मालिका त्यानेच निर्माण केली. 'ट्वायलाइट झोन'साठी त्याने एकूण आठ पटकथा लिहिल्या. शहरी लेखकाला डोंगरातली माणसं लिहायची झाली की तो त्यांना तोतरं, भाबडं नाहीतर विनोदी करतो. हॅमनर त्यांना त्यांच्याच तालात बोलू देतो, आणि त्या तालामुळेच काढा, चांदी, मध्यरात्र हे सगळं त्या घरांतलं रोजचं वाटतं. तुम्ही कोकणातलं गाव घेणार असाल तर तिथल्या बोलीत संवाद लिहू शकणारं माणूस पहिल्या मसुद्यापासून बरोबर घ्या. शहरी मराठीत लिहून नंतर 'मालवणी करून घेऊ' म्हणणाऱ्यांच्या पटकथा मी खूप वाचल्यात. शब्द बदलतात, विचार करायची पद्धत पुण्याचीच राहते.

ग्रॅनी हार्टचं काम जनेट नोलान या अभिनेत्रीने केलंय. तेव्हा ती एकावन्न वर्षांची होती. या बाईबद्दल थोडं रेंगाळतो, कारण तुमच्या म्हातारीसाठी नट निवडताना उपयोग होईल. १५ जानेवारी १९६२ ला बोरिस कार्लोफ सादर करत असलेल्या 'थ्रिलर' या भयमालिकेत 'ला स्त्रेगा' नावाचा भाग आला. इटलीतल्या चेटकिणीची गोष्ट, दिग्दर्शन आयडा लुपिनोचं, आणि चेटकीण झाली होती हीच नोलान. त्यानंतर अकराच दिवसांनी, २६ जानेवारीला, 'ट्वायलाइट झोन'च्या 'द हंट' या भागात ती डोंगरातल्या एका साध्या म्हाताऱ्याची बायको म्हणून आली. ती पटकथाही हॅमनरचीच. पहिल्या भागात तिच्याकडे बघवत नाही, दुसऱ्यात तिच्या हातची भाकरी खावीशी वाटते. हे तीन भाग एका संध्याकाळी लागोपाठ पाहा. 'जेस-बेल'मध्ये तिने दोन्ही बायका एकत्र आणल्यात. ग्रॅनी हार्ट डोळे वटारत नाही. ती शेजारीण बोलावी तशी बोलते, आलेल्या गिऱ्हाइकाशी गप्पा मारते, आणि गप्पांच्या ओघात माणसाला कायमचं विकत घेते.

आणि ही गोष्ट तर मला तिसऱ्या वेळी पाहताना उमगली: ग्रॅनी हार्टकडे दोनदा माणसं येतात. आधी जेस-बेल येते, बिली-बेनला मिळवायला. नंतर बिली-बेन येतो, जेस-बेलला संपवायला. ती दोघांनाही हवं ते देते. विष तिचं, उताराही तिचाच. शेवटी जेस-बेल जाते, पण ग्रॅनी हार्टला काहीच होत नाही. तिची झोपडी तिथेच आहे, पुढचं गिऱ्हाईक कधीतरी येईल. कुणीतरी या म्हातारीला अद्दल घडवायला हवी, असा आग्रह वाहिनीकडून तुम्हाला नक्की होईल. शक्य तितकं अडवा. तिला शिक्षा झाली की गोष्ट बंद होते आणि बघणारा निवांत झोपतो.

आता बिबट्या. माणसाच्या अंगावर हळूहळू केस उगवतायत, नखं वाढतायत, असला प्रकार त्या भागात नाही. रात्रीचे बारा आणि मग थेट जनावर, एवढंच. खरा बिबट्या वापरला होता. तो तुम्हाला परवडणार नाही आणि वन्यजीव कायद्यामुळे वापरताही येणार नाही. संगणकावर बनवलेल्या जनावराबद्दल मी स्वतः पोळलोय. एका मालिकेत आमच्या कथेत नाग होता. तो पडद्यावर आला आणि चार भाग जपून बांधलेली भीती अर्ध्या मिनिटात गेली. तेव्हापासून जनावर दाखवायचं की नाही हा प्रश्न आला की मी आधी ध्वनिमुद्रकाला विचारतो.

तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी हॅमनरकडे नव्हती. ब्लू रिज डोंगरात बिबटे नाहीत. तिथे बिबट्या येणं हे मुळातच परकं आहे आणि मला तो त्या भागाचा किंचित कच्चा दुवा वाटतो, तिथलं रानमांजर किंवा डोंगरी सिंह जास्त शोभला असता. महाराष्ट्रात बिबट्या शेजारी आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड या भागांत तो उसात राहतो, उसातच पिल्लं घालतो. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. संध्याकाळनंतर पोराला एकटं अंगणात सोडत नाहीत अशी घरं तिथे आहेत, आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय तीही आहेत. म्हणजे तुमचा बिबट्या बघणाऱ्याला कल्पनेतला वाटणार नाही, आणि म्हणून तुमच्यावर जबाबदारी येते. गोष्ट या भागात घडवणार असाल तर गाव बंदुका घेऊन निघणार नाही, वनखात्याला फोन करेल आणि उसाच्या कडेला पिंजरा लागेल. विचार करा, त्या पिंजऱ्यात आमिष म्हणून शेळी बांधलीय आणि ज्या मुलीला माहीत आहे की मध्यरात्री आपणच तिकडे ओढले जाणार, ती दिवसा त्या शेळीला चारा घालतेय. हे दृश्य मला तुमच्या सारांशातूनच सुचलं आणि ते कुठल्याही परदेशी भागात नाही.

दाखवायचं काय? दाव्याला हिसके देणारी गाय. अचानक गप्प झालेलं कुत्रं. उसाचा एकच पट्टा हलतोय आणि वारा नाही. पहाटे मुलीच्या पायांना लागलेला गाळ आणि उसाच्या पात्यांनी कापलेले हात. ही पहाट महत्त्वाची आहे. रात्री काय झालं ते न दाखवता पहाटे आई मुलीचे पाय धुतेय एवढं दाखवलंत तरी पुरे. 'जेस-बेल'मध्येही आईचं पात्र आहे, आणि व्हर्जिनिया ग्रेगने ते इतकं मन लावून केलंय की पोरीचं काय झालंय हे कळलेली आई हाच तिथला खरा आरसा होतो. तुमच्या सारांशात आई नाही. ती हवी. बिबट्याचा खर्च वाचवून त्या भूमिकेसाठी चांगली नटी घ्या.

आणखी एक. आपल्याकडे बिबट्या आणि वाघ दोघांनाही वाघोबा मानून पुजतात. वारली आणि महादेव कोळी पाड्यांवर वाघोबाची ठाणी आहेत, अकोले आणि ठाण्याच्या बाजूला वाघबारस पाळतात. तिथल्या माणसाच्या लेखी बिबट्या होणं म्हणजे केवळ अधोगती नाही. तुमची गोष्ट त्या भागात नेत असाल तर हा अर्थ विचारून, तिथे बसून समजून घ्या. शोभेला देवळी उभी करून कॅमेरा फिरवू नका.

म्हातारी खरी चेटकीण ठेवायची का, हा तुमचा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे. त्यासाठी दुसरा एक भाग सांगतो. 'थ्रिलर' ही एनबीसीवरची मालिका, १९६० ते १९६२ या दोन हंगामांत ६७ भाग. त्यात ७ फेब्रुवारी १९६१ ला 'हे-फोर्क अँड बिल-हूक' नावाचा भाग आला. नावाचा अर्थच गवत उचलायचा काटा आणि कोयता. स्कॉटलंड यार्डचा तरुण अधिकारी नव्या बायकोला घेऊन वेल्समधल्या गावात खुनाच्या तपासाला येतो. त्या गावाचा चेटकिणींवर विश्वास आहे, आणि शेवटी त्या बायकोच्याच जिवावर बेततं. संगीत जेरी गोल्डस्मिथचं आहे, तेवढ्यासाठीही तो ऐकण्याजोगा.

या भागामागे प्रत्यक्षातल्या एका खुनाची सावली आहे. १४ फेब्रुवारी १९४५ ला इंग्लंडच्या वॉरिकशायरमध्ये, लोअर क्विंटन गावाजवळच्या मीऑन टेकडीच्या उतारावर चार्ल्स वॉल्टन हा ७४ वर्षांचा शेतमजूर मरून पडलेला सापडला. तो कुंपणाची झुडपं छाटायला गेला होता. त्याच्याच कोयत्याने त्याच्यावर वार केले होते आणि काट्याने त्याला जमिनीशी खिळलं होतं. स्कॉटलंड यार्डचा नावाजलेला अधिकारी रॉबर्ट फॅबियन तपासाला आला. खुनी आजवर सापडला नाही. चेटकाची चर्चा मात्र नंतर वाढत गेली: म्हातारा चेटूक करायचा, पीक बुडालं म्हणून त्याचं रक्त जमिनीत मुरवलं, वगैरे. गावात एक गरीब म्हातारा क्रूरपणे मारला गेला होता, एवढी साधी गोष्ट त्या कथांखाली हळूहळू झाकली गेली. 'जेस-बेल' बरोबर त्याच तारखेला, अठरा वर्षांनी प्रसारित झाला. हा निव्वळ योगायोग आहे, पण दोन्ही भाग शेजारी ठेवले की मला ती तारीख आठवते.

कारण हे दोन भाग म्हणजे चेटकाच्या गोष्टींचे दोन मूळ प्रकार आहेत. एकात चेटूक खरं असतं आणि प्रश्न असा असतो की माणूस हव्यासापायी काय देऊन बसतो. दुसऱ्यात चेटूक खरं आहे की नाही याने फरक पडत नाही, गावाचा विश्वास खरा असतो, आणि तो विश्वास कुणाचा तरी जीव घेतो. तुम्हाला पहिला प्रकार लिहायचाय. पण तुम्ही तो अशा प्रदेशात लिहिताय जिथे दुसरा प्रकार बातमीत असतो. सातपुड्यातल्या नंदुरबारकडच्या गावांमध्ये बाईला डाकीण ठरवून मारहाण झालीय, गावाबाहेर काढलंय. अशा बायका बहुतेक विधवा, एकट्या, थोडीफार जमीन असलेल्या किंवा कुणाच्या तरी वाटेत आलेल्या असतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटून काम केलं, तो २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाल्यानंतर आला. आधी अध्यादेश, मग त्याच वर्षी कायदा. एखाद्याला करणी करणारा म्हणून जाहीर करून त्याचं जगणं मुश्कील करणं हा या कायद्याने गुन्हा आहे. ही गोष्ट मी कायद्याची भीती घालायला सांगत नाही. तुमच्या भागात गावाच्या टोकाला एकटी राहणारी, पांढऱ्या केसांची, जडीबुटी विकणारी म्हातारी खरोखर चेटकीण निघाली, तर बघणाऱ्याच्या मनात त्याच्या गावच्या टोकाची म्हातारी येईल. माझ्या आजोळी अशी एक बाई होती. तिच्या दारावरून जाताना आम्हा पोरांना श्वास रोखायला शिकवलं होतं. ती गेली तेव्हा तिच्या घरात औषधी मुळ्यांच्या पुड्या आणि लेकाच्या मनीऑर्डरींच्या पावत्या सापडल्या. मला अजून त्या पावत्या आठवतात.

मग करायचं काय? मी असतो तर चेटूक खरं ठेवलं असतं, पण म्हातारी गावाच्या टोकाची ठेवली नसती. तिला गावाच्या मध्यात आणली असती. सुखवस्तू, मानाची, हळदीकुंकवाला पहिला मान मिळणारी, अडीअडचणीला पैसे देणारी. जिच्यावर संशय घ्यायची कुणाची छाती होणार नाही अशी. ग्रॅनी हार्टचं मर्म व्यापारात आहे, झोपडीत नाही, हे वर म्हटलंच. आणि गावाच्या टोकालाही एक एकटी बाई ठेवली असती, जिच्यावर गाव संशय घेतं आणि जिचा काहीच संबंध नाही. बिबट्या यायला लागला की लोक तिच्या दारावर जातील. आता तुमच्या नायिकेपुढे खरा पेच आहे: गप्प राहायचं की खरं सांगायचं. म्हणजे दोन्ही प्रकार एकाच भागात येतात. पन्नास मिनिटांना हे साहित्य पुरेसं आहे.

वेळेवरून आठवलं. 'ट्वायलाइट झोन' आधी अर्ध्या तासाची मालिका होती. १९६३ च्या चौथ्या हंगामात ती तासाची झाली, अठरा भाग झाले, आणि पुढच्या हंगामात पुन्हा अर्ध्या तासावर आली. त्या अठरांपैकी बरेच भाग ताणलेले वाटतात, पंचवीस मिनिटांची कल्पना एक्कावन्न मिनिटांत पसरल्यासारखे. 'जेस-बेल' बऱ्यापैकी टिकतो कारण मध्यावर गोष्ट उलटते. आधी ती शिकारी, नंतर शिकार, आणि मग पुन्हा शिकारी. तरी लग्नानंतरचा भाग मला सैल वाटतो. उपद्रवामागून उपद्रव येतात आणि त्यांचे नियम आधी सांगितलेले नसतात. पहिल्या अर्ध्यात बारा वाजले की काय होणार हे आपल्याला ठाऊक होतं, म्हणून घड्याळाकडे बघवत नव्हतं. दुसऱ्या अर्ध्यात काहीही होऊ शकतं, म्हणून कशाचंच फार वाटत नाही. तुमच्या नियमांची यादी एका पानावर मावली पाहिजे आणि पंधराव्या मिनिटानंतर त्यात नवा नियम यायला नको.

दुसरी माझी तक्रार बिली-बेनबद्दल आहे. जेस-बेलशी संबंध ठेवून तो एल्विनकडे गेला, जादूने परत आला, जादू उतरल्यावर पुन्हा एल्विनकडे गेला, आणि शेवटी सुखात. जेस-बेलने आत्मा दिला, एल्विनने भीती भोगली, याने काय दिलं? १९६३ साली हे कुणाला खटकलं नसेल. अॅन फ्रान्सिसने जेस-बेल इतक्या जिवंतपणे केलीय, मत्सर आणि पश्चात्ताप एकाच चेहऱ्यावर ठेवलाय, की आज पाहताना त्या पिनेचा घाव न्याय वाटत नाही. तुमच्या नायकाचंही हेच होणार आहे. तो तुमच्या सारांशात फक्त 'ज्याच्यावर जीव आहे तो' आहे. त्याला एक तरी वाईट निर्णय स्वतः घेऊ द्या, शुद्धीवर असताना.

राहिला सूत्रधार. मालिकेचा निर्माता रॉड सर्लिंग प्रत्येक भागाच्या सुरुवातीला आणि शेवटी बोलायचा, ती त्या मालिकेची ओळख होती. 'जेस-बेल'च्या सुरुवातीला तो म्हणतो तेही ऐकण्याजोगं आहे: अशी गोष्ट फार पूर्वी कुठेतरी घडते, पिढ्यांमागून पिढ्या सांगितली जाते, आणि मग ती कालच ब्लू रिजमध्ये घडली असं वाटायला लागतं, ती सांगावी तर थंडीच्या रात्री शेकोटीपाशी आजोबांनीच. पण शेवटी सर्लिंग येत नाही. त्याच्या जागी लोकगीत येतं, सबंध भागभर मधूनमधून वाजत आलेलं, एक गोरी एल्विन आणि एक सावळी जेस-बेल आणि दोघींचा जीव एकाच पुरुषावर. सर्लिंगचं समारोपाचं निवेदन नसलेला संपूर्ण मालिकेतला हा एकच भाग. ब्लू रिज ज्यांचा भाग आहे त्या ॲपलाचियन डोंगरांत अशी गाणी स्कॉटलंड-इंग्लंडहून आलेल्या लोकांबरोबर आली आणि तिथे टिकली. लोकगीतं गोळा करणारा इंग्रज सेसिल शार्प याने १९१६ ते १९१८ या काळात तिथे फिरून ती टिपून घेतली. हॅमनरने कथा त्या गाण्यांच्या साच्यात ओतली, आणि शेवट गाण्याच्या हाती सोपवला.

म्हणून सूत्रधार नको, जात्यावरची ओवी घ्या. रेकॉर्डिंग स्टुडिओत नटवलेली नको. पंचाहत्तरीच्या पुढच्या, खरोखर जातं ओढलेल्या बाईच्या आवाजातली, धापेसकट. ती ओवी पहिल्या दृश्यात आई म्हणत असेल तर बघणाऱ्याला ती फक्त सकाळ वाटेल. मध्यावर, पहाटे चिखलाने भरलेले पाय धुताना, तीच ओवी आईच्या तोंडी अर्ध्यावर थांबवा. आणि शेवटच्या दृश्यात, मुलगी गेल्यावर, कोण म्हणतंय ते दाखवू नका. 'जेस-बेल'च्या शेवटी एल्विनला तारा तुटताना दिसतो, आणि चेटकीण मेली की तारा पडतो, असं तिथल्या लोकांचं म्हणणं. तुमच्याकडे रिकामा पिंजरा आहे, दार उघडं, आणि आत चाऱ्याची पेंढी तशीच. त्यावर जात्याची घरघर सुरू करा आणि पडदा काळा झाल्यावरही दहा-बारा सेकंद ती चालू राहू द्या.